साडूसह पोर्ट्समथ

पोर्ट्समथ बघायला साउदॅम्प्टनच्या माणसाबरोबर जाऊ नये. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरची ही दोन बंदरं एकमेकांपासून जेमतेम तीस किलोमीटरवर आहेत, आणि हे अंतर फारच कमी आहे यावर दोन्ही गावांचं एकमत आहे. दुसऱ्या कशावरही नाही. माझे साडू कैक वर्षांपासून साउदॅम्प्टनला असतात. मूळचे सांगलीचे. सांगलीत होते तेव्हा मिरजेबद्दल जे बोलायचे तेच आता पोर्ट्समथबद्दल बोलतात. नुसतं गावाचं नाव बदललंय, चाल तीच आहे.

"बघण्यासारखं काही नाही तिथं," असं त्यांनी आदल्या रात्री जेवताना सांगितलं, झोपताना सांगितलं आणि सकाळी गाडीत बसल्यावरही सांगितलं. "पण अण्णांची इच्छा आहे म्हणून नेतोय."

अण्णा म्हणजे आमचे सासरे. त्यांची अख्खी नोकरी मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डात झाली. पाइप फिटर म्हणून लागले, चार्जमन म्हणून निवृत्त झाले. आयुष्यभर लायन गेटातून आत जायचं आणि लायन गेटातून बाहेर यायचं, मधल्या वेळात जहाजं दुरुस्त करायची. लंडनमध्ये त्यांना राजवाडा दाखवला तर त्यांनी भिंतीवरून उतरलेला पावसाचा पाइप बघितला, जोड तपासला, बरा आहे म्हणाले आणि विचारलं, "गोदी कुठंय?"

पोर्ट्समथ हार्बर हे स्टेशन पाण्यात खांब रोवून उभं केलंय. गाडीतून उतरलात की तुम्ही फलाटावर असता आणि फलाट समुद्रावर असतो. बाहेर आल्याबरोबर डाव्या-उजव्या हाताला जहाजंच जहाजं. अण्णांची चाल एकदम बदलली. डोंबिवलीच्या जिन्यावर त्यांचे गुडघे दुखतात, इथं आम्हाला त्यांच्यामागे पळावं लागलं.

साडूंनी मात्र आधी आम्हाला स्पिनेकर टॉवर दाखवला, कारण त्यांना बोलायला तिथं भरपूर वाव होता. हा टॉवर १७० मीटर उंच, वाऱ्याने फुगलेल्या शिडासारखा. नव्या सहस्रकाच्या स्वागतासाठी म्हणून योजला होता. उघडला २००५ मध्ये. सहस्रक तोवर थांबलं नाही. "आणि उघडला त्याच दिवशी," साडू म्हणाले, "बाहेरची काचेची लिफ्ट मध्येच अडकली. आत कोण होतं माहितेय? प्रकल्पाचा मॅनेजर!" ही गोष्ट खरी आहे. पण ती त्यांनी ज्या वात्सल्याने सांगितली, तितक्या वात्सल्याने त्यांना स्वतःच्या मुलाच्या दहावीच्या मार्कांबद्दल बोलताना मी ऐकलेलं नाही.

पुढचा किस्सा त्याहून गोड. २०१५ मध्ये एका विमान कंपनीने पैसे देऊन टॉवरला आपलं नाव दिलं आणि तो लाल-पांढरा रंगवायचं ठरलं. तेवढ्यात गावाच्या लक्षात आलं की लाल-पांढरा हा साउदॅम्प्टनच्या फुटबॉल संघाचा रंग. गावात हलकल्लोळ. हजारो सह्या गोळा झाल्या. अखेर कंपनीने माघार घेतली आणि टॉवर निळा-सोनेरी झाला.

"चांगला रंग मिळत होता," साडू वर बघत म्हणाले. "नशिबात नव्हतं त्यांच्या."

ऐतिहासिक गोदीच्या दारात तिकिटं काढताना घरात फूट पडली. इथं एकदा सगळ्या जहाजांचं तिकीट काढलं की ते वर्षभर चालतं, कितीही वेळा या. इंग्रज माणूस हे ऐकून निश्चिंत होतो आणि पहिल्या दिवशी एकच जहाज बघून घरी जातो. आमच्या हिला घाम फुटला. शुक्रवारचं विमान होतं. म्हणजे उरलेलं वर्ष वाया! "ताई, तू तरी येत जा अधूनमधून," असं तिने बहिणीला बजावलं. ताईने नवऱ्याकडे बघितलं. नवरा म्हणाला, "पोर्ट्समथला? पुन्हा?" मग वर्षभराचं सगळं आजच वसूल करायचं असं ठरलं आणि आमची तुकडी वॉरियरवर चढली.

वॉरियर हे १८६० सालचं जहाज, ब्रिटिश आरमाराची पहिली लोखंडी बांधणीची चिलखती युद्धनौका. त्या काळी तिच्यापुढे उभं राहायची कुणाची छाती नव्हती, त्यामुळे तिला लढाईत एक गोळासुद्धा डागावा लागला नाही. दहा-बारा वर्षांत ती जुनी झाली. मग उतरती कळा लागली ती इतकी, की वेल्समधल्या एका तेलाच्या डेपोपाशी तिचा पन्नास वर्षं नुसता तरंगता धक्का म्हणून वापर झाला. येणारी जहाजं तिला टेकून तेल भरून जायची. पुढे डागडुजी होऊन ती १९८७ मध्ये इथं आली. निवृत्तीनंतर इतरांना टेकायला उपयोगी पडणं हा भाग ऐकून अण्णा "हं" म्हणाले. दोन्ही मुलींनी नजर चुकवली.

नेल्सनची व्हिक्टरी मात्र अण्णांना मनापासून आवडली, आणि त्याचं कारण तिथं आलेल्या कुठल्याही इंग्रज पर्यटकाला पटलं नसतं. ती झाकलेली होती. १७६५ मध्ये पाण्यात उतरलेलं, १८०५ मध्ये ट्रॅफल्गारला लढलेलं, १९२२ पासून कोरड्या गोदीत ठेवलेलं हे जहाज आजही कागदोपत्री नौदलाच्या सेवेत आहे, आणि २०२२ पासून त्याची मोठी दुरुस्ती चालू आहे. डोलकाठ्या उतरवल्यात, भोवती परांची बांधलीय, वर छप्पर घातलंय. लोक फोटो काढायला आले आणि "हे काय, दिसतच नाही" म्हणत हळहळले. अण्णा परांचीचे जोड बघत फिरले. लाकडाला बुरशी लागलीय आणि एका जातीचा भुंगा ओक पोखरतोय, असं तिथल्या मार्गदर्शक बाईंनी सांगितल्यावर त्यांनी साडूंना दुभाषी करून प्रश्न विचारायला सुरुवात केली. कुठली फळी आधी काढली? काढलेली फळी मोजून ठेवता की नाही? जहाज टेकूंवर किती वजन टाकतं? बाई आधी हसून, मग गंभीर होऊन आणि शेवटी आनंदाने उत्तरं देऊ लागल्या. मागे रांग तुंबली.

ट्रॅफल्गारच्या लढाईत नेल्सन जिथं गोळी लागून पडला तिथं पितळेची पाटी आहे. त्याचा देह इंग्लंडला आणेपर्यंत टिकावा म्हणून ब्रँडीच्या पिंपात ठेवला होता. वाटेत खलाशांनी त्या पिंपातली ब्रँडी चोरून प्यायली अशी एक जुनी वदंता आहे. ती खोटी असावी, पण त्या काळच्या खलाशांबद्दल लोकांना काय वाटायचं ते तिच्यावरून कळतं. एका पाटीवर खलाशांचा शिधा लिहिला होता. कडक बिस्किटं, खारवलेलं मांस, वाटाणे, आणि माणशी रोज एक गॅलन बिअर. पिंपातलं पाणी लवकर नासायचं, बिअर टिकायची. अण्णांनी ही पाटी दोनदा वाचली. का, ते पुढे कळलं.

मग मेरी रोझ. आठव्या हेन्री राजाचं लाडकं जहाज. १९ जुलै १५४५ ला फ्रेंचांशी लढायला निघालं आणि राजा साउथसीच्या किल्ल्यावरून बघत असताना, इथं समोरच, बुडालं. वळताना कललं, तोफांच्या खिडक्या उघड्या होत्या, पाणी आत शिरलं. सुमारे पाचशे माणसांतली पस्तीससुद्धा वाचली नाहीत. १९८२ मध्ये त्याचा उरलेला अर्धा भाग वर काढला आणि मग वर्षानुवर्षं त्याच्यावर फवारे मारत बसले, आधी पाण्याचे, नंतर मेणासारख्या एका रसायनाचे. २०१३ मध्ये फवारे बंद झाले आणि संग्रहालय उघडलं. अंधारात ते अर्धं जहाज फासळ्या दाखवत उभं असतं. समोरच्या कपाटांत माणसांचा संसार: बूट, धनुष्यं, वाडगे, फासे, सुताराच्या खोलीपाशी सापडलेल्या कुत्र्याचा सांगाडा आणि उवा-लिखा काढायच्या फण्या. आमच्या हिने आणि ताईने फण्यांपाशी तळ ठोकला. "दोन्हीकडून दातांच्या, अगदी आईच्या होत्या तशा." इतिहासाची जी शाखा बायकांना माहीत असते ती पुस्तकात येत नाही. पुढच्या कपाटात मिऱ्याचे दाणे होते, जवळजवळ साडेचारशे वर्षं चिखलात राहिलेले.

"आमच्याकडून टायटॅनिक निघाली होती," साडू अंधारात म्हणाले. १० एप्रिल १९१२, साउदॅम्प्टनच्या धक्क्यावरून. "जगात कुणालाही विचारा, टायटॅनिक माहीत असते. मेरी रोझ कुणाला माहितेय?"

"भाऊजी, दोन्ही बुडालीच ना?" ही म्हणाली.

"आमची निघताना नीट होती."

साहित्यिकांच्या बाबतीतही साडूंचा सिद्धान्त तयार होता. चार्ल्स डिकन्स १८१२ मध्ये इथं जन्मला, बाप नौदलाच्या पगार कचेरीत कारकून. पोर कळतं होण्याआधीच घर हललं. रड्यार्ड किपलिंग आपल्या मुंबईत, जे. जे. कला शाळेच्या आवारात जन्मलेला. त्याला सहा वर्षांचा होण्याआधी शिकायला म्हणून इथं साउथसीत एका परक्या घरी ठेवलं आणि ती वर्षं त्याने जन्मभर शिव्या देत आठवली. आर्थर कॉनन डॉयलने १८८२ मध्ये साउथसीत दवाखाना थाटला. रोगी फारसे येईनात, तेव्हा रिकाम्या वेळात त्याने शेरलॉक होम्स लिहिला. उरलेल्या वेळात तो इथल्या एका हौशी फुटबॉल क्लबात टोपणनावाने गोलकीपर होता. "म्हणजे बघा," साडू बोटं मोडत म्हणाले, "एक उचलून नेला, एक रडला, एकाला पेशंट मिळाले नाहीत. गावाचा गुण!" गाव असं आहे म्हणूनच शेरलॉक होम्स झाला, हे मी म्हणणार होतो, पण संध्याकाळी त्यांच्याच घरी जेवायचं होतं.

तीन वाजत आले होते. भुकेने सगळ्यांचं राजकारण संपलं होतं. आम्ही तटाच्या कडेकडेने जुन्या पोर्ट्समथमध्ये गेलो, बंदराच्या तोंडाशी जिथं जमीन चिंचोळी होऊन पाण्यात घुसते तिथं. याला स्पाइस आयलंड म्हणतात. पूर्वेकडून आलेला मसाला इथं उतरायचा म्हणून हे नाव, असं सांगतात. गावाच्या वेशीबाहेरची जागा, त्यामुळे खलाशी, दारू आणि दंगा यांचा इथं पूर्वी सुकाळ होता. आता पब उरलेत आणि दंगा सीगल करतात.

पब ही संस्था मराठी कुटुंबाला समजायला अवघड जाते. आत शिरलं की कुणी "या" म्हणत नाही, कुणी "कितीजण?" विचारत नाही. जागा आपण धरायची, टेबलाचा नंबर पाठ करायचा आणि काउंटरवर जाऊन मागवायचं. जन्मभर जिथंतिथं रांग लावणारे इंग्रज इथं रांग लावत नाहीत. काउंटरशी नुसते घोळक्याने उभे राहतात आणि कोण आधी आला हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. आपला नंबर नसताना पलीकडच्याने "काय देऊ?" विचारलं तर शेजाऱ्याकडे बोट दाखवून "हे आधी" म्हणायचं. साडूंनी हे सगळं बारकाईने समजावलं. पबबद्दल त्यांना राग नव्हता. पब साउदॅम्प्टनलाही असतात.

पण खरी अडचण घरगुती होती. टेबलाच्या एका बाजूला दोन जावई, समोर सासरे. मागे फळीवर पितळी मुठींचे बिअरचे नळ ओळीने उभे. साडूंनी माझ्याकडे बघितलं, मी मेनूकार्डाकडे. दोघांनी एकदमच "संत्र्याचा रस" म्हटलं. इतक्या खोट्या आवाजात संत्र्याचं नाव पूर्वी कुणी घेतलं नसेल.

अण्णांनी चष्मा काढला. "त्या पाटीवर काय लिहिलं होतं? माणशी रोज एक गॅलन. म्हणजे आठ पाइंट." चष्मा पुसला. "लढाईत तोफा ओढायच्या आणि आठ पाइंट. तुम्हाला कॉम्प्युटरवर बसून एक झेपत नाही होय?"

बिअर आली. पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर, ग्लासावर तसा सरकारी शिक्का असतो आणि तो काठोकाठ भरलेला असतो. काठोकाठ भरलेला ग्लास न सांडता टेबलापर्यंत आणणं ही या देशातली मुंज आहे. नळाची गावरान बिअर ही तळघराइतकीच थंड असते, म्हणजे आपल्या मते कोमट. आपण ओठ लावून "फ्रिज बिघडलाय का?" म्हणायला तोंड उघडतो, इंग्रज डोळे मिटून दुसरा घोट घेतो. अण्णांनी लिंबू-सोडा घेतला आणि आमच्याकडे सुपरवायझरच्या नजरेने बघत राहिले. पहिल्या महायुद्धात गिरणी-कारखान्यांतले कामगार शुद्धीवर राहावेत म्हणून सरकारने पब दुपारचे बंद करायला लावले होते. युद्ध १९१८ मध्ये संपलं, दुपारची ती बंदी १९८८ पर्यंत टिकली. आपल्याकडच्या तात्पुरत्या उपाययोजना आठवून मला बरं वाटलं.

जेवण आलं. मासा-चिप्स पाच ठिकाणी. मासा ताटाबाहेर डोकावत होता, म्हणजे शेपटीकडून, डोकं नव्हतंच. अण्णा मालवणचे. त्यांनी काट्याने पिठाचं कवच उघडलं, आतला पांढराशुभ्र तुकडा उलटा केला, सुलटा केला. "काटा कुठंय?"

"अण्णा, इथं काटे काढूनच देतात."

"काटा नाही, डोकं नाही, कातडं नाही. मग मासा कशावरून?" तरी खाल्ला. चवीला वाईट नाही, पण ओळख पटली नाही, असा शेरा दिला. बाजूला हिरवा लगदा होता. वाटाण्याची उसळ फोडणीची वाट बघत बघत म्हातारी झाली तर अशी दिसेल. कांदा मागितला तर व्हिनेगरमध्ये बुडालेला आख्खा कांदा आला. ताईने सगळ्यावर मीठ घातलं, मग मिरपूड घातली, मग पुन्हा घातली आणि शेवटी काटा खाली ठेवून तिने एक प्रश्न विचारला. ते जहाज १५४५ ला बुडालं त्यात मिरी होती. या जागेचं नाव मसाल्याचं बेट. शेकडो वर्षं मसाला इथं उतरत होता. "मग तो गेला कुठे?"

याचं उत्तर टेबलावर कुणाकडेच नव्हतं. साडू म्हणाले, "साउदॅम्प्टनलाही असंच देतात," आणि त्यांच्या तोंडून दिवसभरात प्रथमच दोन्ही गावं एका पातळीवर आली.

हात धुवायला गेलेले अण्णा परत येईनात. बघतो तर कोपऱ्यातल्या भिंतीवरच्या फोटोसमोर हात मागे बांधून उभे. फोटोत एक गंजलेली विमानवाहू नौका बंदरात शिरतेय आणि तिच्याभोवती होड्यांची जत्रा.

"ही विराट," अण्णा म्हणाले.

साडूंनी खालचं नाव वाचलं. "अण्णा, एचएमएस हर्मिस आहे. जुलै १९८२. फॉकलंडच्या युद्धावरून परत आली तेव्हाचा."

"लिहू दे. विराट आहे. पुढची ती चढण बघा."

दोघंही बरोबर होते. हीच हर्मिस नंतर भारताने घेतली, १९८७ मध्ये ती विराट झाली, आणि मुंबईच्या गोदीत ती आली की अण्णांच्या पाळ्या लागायच्या. फोटोखालच्या टेबलावर एक म्हातारबुवा बसले होते, पायाशी तितकंच म्हातारं कुत्रं. त्यांनी हा संवाद ऐकला असावा. समजला एकच शब्द, "हर्मिस". ते वळले आणि छातीवर बोट ठेवून म्हणाले, "बॉयलर रूम." अण्णांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "पाइप शॉप."

साडू दुभाषी म्हणून खुर्ची ओढून बसले, पण पाचेक मिनिटांत त्यांची नोकरी गेली. उकडायचं किती, हे दोघांनीही शर्टाची कॉलर ओढून सांगितलं. अरुंद जिना दोघांनीही खांदे आवळून दाखवला. कुठला तरी एक व्हॉल्व्ह असा होता की त्याचं नुसतं हाताने वळण दाखवल्यावर दोघं एकदम हसले. "आता कुठंय ती?" म्हातारबुवांनी विचारलं. अण्णा म्हणाले, "अलंग. गुजरात. तोडली." म्हातारबुवांनी एक शिवी दिली, तिचं भाषांतर साडूंनी केलं नाही, आणि ते उठून काउंटरवर गेले. आमच्या पाचही जणांसाठी पुन्हा ग्लास आले. पबात एकाने सगळ्यांना पाजलं की पुढची पाळी दुसऱ्याची, ती चुकवणं हा इथला सर्वांत मोठा गुन्हा. ही माझ्या कानाशी लागली. "आता त्यांना आपण द्यायचं. मग ते पुन्हा देणार. मग आपण. हे संपतं कधी?" तिला आहेराचं गणित पाठ आहे, तरी ती हादरली.

बाहेर फ्रान्सला जाणारी भलीमोठी फेरी बंदराच्या अरुंद तोंडातून इतक्या जवळून निघाली की खिडक्या झाकोळल्या. सगळा पब फोन घेऊन बाहेर धावला. साडूसुद्धा धावले, आणि आत येऊन म्हणाले, "आमच्याकडे याहून मोठ्या लागतात." कोपऱ्यातल्या टेबलावर कुणी मान वर केली नव्हती. ग्लासाखालच्या पुठ्ठ्याच्या चकत्या पालथ्या घालून त्यांवर बॉलपेनने नकाशा चालला होता. एका चकतीवर बॉयलर, दुसरीवर टर्बाइन, मधून अण्णांचे पाइप, त्यांवर म्हातारबुवांच्या फुल्या आणि फुल्यांवर पुन्हा अण्णांच्या दुरुस्त्या. आमच्या टेबलावरच्या चकत्याही त्यांनी केव्हाच नेल्या होत्या.

"अण्णा, सव्वापाचची गाडी आहे," ताई म्हणाली.

अण्णांनी पेन न उचलता माझ्याकडे हात केला. "जावईबापू, काउंटरवरून आणखी पाच-सहा चकत्या मागा. पाण्याखालचं सगळंच राहिलंय."